पहिली वाकळ शिवताना

आपल्याकडे जुनी माणसे जिला वाकळ म्हणतात, ती घाटावर गेली की गोधडी होते आणि धारवाडच्या बाजूला कौदी. नावे वेगळी, वस्तू एकच. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने एकत्र शिवलेले पांघरूण. आत कापूस नसतो. कापूस भरला की ती रजई किंवा गादी, आणि त्यासाठी पिंजारी लागतो. वाकळेला सुई, दोरा आणि घरच्या ट्रंकेतले कापड, एवढेच पुरते.

यातली सुई आणि दोरा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कधीही मिळेल. प्रश्न आहे ट्रंकेतल्या कापडाचा.

सुती लुगडे रोज नेसणाऱ्या आपल्या आया आणि आज्या आता ऐंशी-नव्वदीत आहेत, किंवा गेल्या. त्यांच्यानंतरच्या पिढीने नायलॉन, टेरिकॉट आणि पॉलिएस्टर वापरले. धुवायला सोपे आणि इस्त्रीची कटकट नाही, म्हणून ते वापरण्यात काही चूक नव्हती, पण त्याची वाकळ होत नाही. म्हणजे चांगल्या वाकळेचा कच्चा माल आज जेवढा घराघरांत पडून आहे, तेवढाच. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे खात्याच्या भाषेत दिसते: ठेव आहे, पण नवी भर बंद झाली आहे. शिवाय ती बसल्या जागी घटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तळाचे कापड कुबट होते, त्यावर काळे ठिपके पडतात आणि घडीवर ते विरते. मोपाच्या सड्यावर विमानतळ आला, जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली, आणि आसपासच्या गावांत जुनी घरे पाडून नवी बांधण्याला वेग आला. घर पाडताना ट्रंक उघडली जाते आणि आतली लुगडी भांडीवालीकडे जातात. चार लुगड्यांवर एक स्टीलचा डबा. ज्यांना वाकळ शिवायला शिकायचे आहे त्यांनी दोन-चार वर्षांनी बघू म्हणून थांबू नये, असे मी सांगतो ते यासाठी.

आमची आई गेली तेव्हा तिची सात लुगडी निघाली. ती आम्हा भावंडांत वाटायची कशी, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, कारण दागिन्यांचा हिशेब सोपा असतो, लुगड्यांचा नसतो. शेवटी आक्काने सगळी एकत्र घेऊन सर्वांसाठी वाकळा शिवल्या आणि तिच्या बाजूला बसून मी शिकलो. निवृत्तीनंतर वेळ होता. पुरुषांनी सुई हातात धरल्याचे काही जणांना नवल वाटते. गावचा शिंपी पुरुषच असतो हे ते विसरतात.

आता कापडाविषयी. सुती आहे की नाही याची शंका आली तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन वितळून आकसते आणि टोकाला कडक गोळी होते. असे कापड बाजूला ठेवा. ते घाम शोषत नाही, आणि सुती थरावर निसटत राहते, त्यामुळे शिवण कधी सरळ बसत नाही. मग ताकद बघा. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणा. फर्रकन फाटले तर ते फेकू नका, पोटात घाला. जीर्ण कापड आत आणि धडधाकट बाहेर, हा साधा नियम. जरीचा काठ असेल तर तो कापून काढा, अंगाला टोचतो. धोतर, पंचा, सुती पलंगपोस, सदऱ्यांची पाठ हे सगळे चालते. नवे कापड मात्र पहिल्या वाकळेला नको. ते धुतल्यावर आटते, लाल किंवा निळे असेल तर रंग सोडते. जुने कापड जे काही आटायचे ते वीस वर्षांपूर्वीच आटलेले असते, म्हणून ते अधिक भरवशाचे.

एक अपवाद सांगतो. ट्रंकेत हातमागावरचे, चौकड्यांचे, जाडसर असे जुने कुणबी कापड सापडले तर त्याला कात्री लावू नका. वेंडेल रॉड्रिग्स यांनी त्या विणीला पुन्हा लोकांसमोर आणले, तोपर्यंत ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तसे कापड धुऊन, वाळवून जपा. वाकळेसाठी साधे लुगडे पुष्कळ.

पहिलीच वाकळ मोठ्या माणसाची घेऊ नये. बाळाच्या मापाची घ्यावी, कारण ती पुरी होते. मोठी अर्धी शिवून माळ्यावर पडलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. हिशेब असा. सहावारी साडी म्हणजे 216 इंच लांब. तिचे 42 इंचांचे पाच तुकडे होतात, सहा इंच उरतात. पन्हा साधारण 45 इंचांचा. विरलेली कड काढून चारही बाजू आत दुमडल्या की 40 बाय 42 इंचांची वाकळ हाती येते आणि तिला पाच थर मिळतात. एक वरचा, एक खालचा, तीन पोटात. म्हणजे एका साडीत एक वाकळ. नऊवारी असेल तर 324 इंचांतून सात तुकडे निघतात. दोन जास्तीचे तुकडे पुढच्या वेळेला ठेवा, सगळे एकाच वाकळेत कोंबू नका. सात थरांतून सुई काढायला नवखा हात लवकर दमतो.

सुई लांब आणि मजबूत हवी, पण दाभण नको. दाभण गोणपाटासाठी, त्याने लुगड्याला भोके पडतात. दोरा जाड आणि सुतीच घ्यावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, पण तो जुन्या कापडाला कापतो. म्हणजे दोरा टिकतो आणि वाकळ जाते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. पहिल्या दिवशी ते अडचणीचे वाटते, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय सुचत नाही.

खरी मेहनत शिवण्याच्या आधीची आहे. कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. मग जमिनीवर पसरा. पलंगावर पसरू नका, पलंग खचतो आणि थर वाकडे बसतात. पूर्वी सारवलेल्या जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर पाट किंवा वरवंटा ठेवत, आता फरशीला चिकटपट्टी लावली तरी चालते. खालचा थर उलटा, त्यावर पोटातले तीन, वरती चांगला थर सुलटा. प्रत्येक थर टाकल्यावर मधोमधपासून कडेकडे तळहात फिरवून सुरकुती बाहेर काढायची. त्यानंतर कच्चा दोरा. मध्यापासून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, वीतभर अंतराने लांब लांब टाके घालून सगळे थर टाचून घ्या. याला तास-दीड तास जातो आणि नवशिक्याला वाटते की हे वगळले तरी चालेल. चालत नाही. कच्चा दोरा नसेल तर शिवता शिवता वरचा थर पुढे सरकतो आणि मध्यभागी कापडाचे पोट सुटते. ते मग उसवल्याशिवाय बसत नाही.

आता पक्का टाका. दोरा खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवायची. सुई सरळ खाली घालून सरळ वर काढायची, तिरकी गेली तर खालच्या बाजूचे टाके बारीक होतात किंवा सुटतात. डावा हात वाकळेच्या खाली ठेवा, सुईचे टोक बोटाला लागले म्हणजे पाचही थर पार झाले. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, इंचाला तीन. सगळे टाके अगदी सारखे येणार नाहीत आणि येऊ नयेतही. मशीनसारखी शिवण पाहिजे असेल तर मशीनच आहे. पण घरातल्या साध्या मशीनवर पाच थर घातले की दोरा तुटू शकतो किंवा सुई मोडू शकते. पहिली वाकळ हातानेच शिवावी.

शिवायचे कुठून? काही जण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. दुसरी रीत अशी की कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्याकडे जायचे. ही दुसरी रीत मला अधिक पटते, कारण पहिल्याच फेरीत कड दुमडून बंद होते आणि धागे सुटायचे थांबतात. ही रीत ज्यांनी फार उंचीला नेली ते लोक आपल्यापासून लांब नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतल्या बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तिथून निसटून ते घाटाच्या जंगलात गेले. त्यांच्या बोलण्यात आजही कोकणी आहे. त्यांच्या बायका जी वाकळ शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्या कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेने फिरतात आणि जाता जाता रंगीत ठिगळे लावत मध्यावर येऊन संपवतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण शिवतात, त्यांना फूल म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकाही कामाच्या फाटक्या कपड्यांची अशीच पांघरुणे शिवत आल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये ती भिंतीवर लावली गेली आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. गरजेपोटी शिवलेली वस्तू म्हणून आपण वाकळ पाहुणे आले की आत लपवतो, ते आठवले.

ठिगळांचा मोह पहिल्या वेळी आवरा. चार-पाच पुरेत. कड पाव इंच आत दुमडून ठिगळ टाचा आणि ओळ त्यावरून तशीच पुढे न्या.

वेळ किती लागतो, हा नेहमीचा प्रश्न. ओळींत इंचभर अंतर ठेवले तर 40 ओळी, प्रत्येक 42 इंचांची, म्हणजे 1680 इंच शिवण. मीटरमध्ये 43 च्या आसपास, टाक्यांत पाच हजारांवर. चौकोनात फिरलात तरी बेरीज साधारण तेवढीच येते. नवख्या हाताला एका ओळीला बारा मिनिटे धरा, म्हणजे आठ तास. रोज तासभर बसलात तर आठवडाभरात पुरी होते. पाच बाय सात फुटांच्या मोठ्या वाकळेचे क्षेत्रफळ नेमके याच्या तिप्पट, त्यामुळे साड्याही तीन आणि तासही चोवीस. वेळ लागतो म्हणून पूर्वी ती एकटीने कोणी शिवत नसे, चौघी चार बाजूंना बसत आणि बोलता बोलता दुपार जाई. आजही दोघे-तिघे मिळून बसलात तर बरे. आणि घरात किंवा शेजारी जिला येते अशी म्हातारी असेल तर तिला विचारा. तिचे डोळे सुईत दोरा ओवण्यापुरते राहिले नसतील, पण ओळ वाकडी गेली की हात फिरवून ती सांगते.

झिजलेल्या साडीची ही लहान वाकळ अर्ध्या किलोच्या आसपास भरते. ज्यांची मुले पुण्याला, दुबईला किंवा लंडनला आहेत त्यांना हे वजन उपयोगी पडेल. विमानात हातातल्या पिशवीत ती सहज मावते.

धुण्याचे पथ्य एवढेच: मे महिन्यात, कडक उन्हात, पूर्ण दिवस. पाच थरांत ओल राहिली की वरून कोरडी दिसली तरी आत बुरशी धरते, म्हणून दुपारी एकदा उलटायची. पावसाळ्यात धुऊ नये. चवथ होऊन ऑक्टोबरचे ऊन पडले की पुन्हा एकदा दोन दिवस उन्हात टाकावी. बाळाच्या वाकळेत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. आणि घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी घाला, कापड पहिल्यांदा घडीवरच विरते.