गळ चुकवणारे मासे

यवतमाळ जिल्ह्यातील पूस धरणाच्या काठी कुणी गळ टाकून बसले आहे. सायप्रिनस मासा लागला, पण निसटला! तो पुन्हा गळाला लागेल काय?

हॉलंडमधील ब्यूकेमा या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या माशांवर प्रयोग केले. १९७० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की एकदा गळ रुतलेला मासा पुढे कित्येक महिने गळ टाळतो. पाइक हा शिकारी मासाही चकाकत फिरणारे धातूचे आमिष टाळायला शिकला. जिवंत माशाच्या आमिषाला मात्र फसतच राहिला. असे का? चकाकते पाते टाळून त्याचे काही बिघडत नाही. लहान मासे टाळले, तर उपासमारच!

म्हणून मित्रांनो, गळ रिकामा आला म्हणजे पाण्यातले मासे संपले, असे समजू नका. मासे कदाचित शहाणे झाले असतील!