शटरच्या आधी आणि नंतर

युद्धाच्या फोटोत घटनेचा एक तुकडा असतो. त्याआधी काय घडले आणि पुढे काय झाले, हे फोटो काढणाऱ्याला थोडेफार ठाऊक असते. पाहणाऱ्याला फोटोओळ सांगेल तेवढेच कळते. दोघांच्या मनावर उमटणारे ओरखडे वेगळे असतात, ते बरेचसे यामुळे.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी असोसिएटेड प्रेसच्या एडी अ‍ॅडम्सने सायगावमध्ये काढलेला फोटो याचे ठळक उदाहरण आहे. हात मागे बांधलेला, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक कैदी दक्षिण व्हिएतनामचे पोलीसप्रमुख न्गुयेन न्गोक लोआन यांच्यापुढे आणला गेला. लोआन यांनी पिस्तूल काढले. ते कैद्याला दरडावणार असतील असे वाटून अ‍ॅडम्सने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि शटर उघडले ते गोळी सुटली त्याच क्षणी. कैद्याचा चेहरा पिळवटलेला आहे. लोआन यांचा हात मात्र निशाणबाजीच्या सरावात असावा तसा सरळ, थंड. या प्रसंगाचे चलच्चित्रणही एनबीसीच्या कॅमेऱ्याने केले होते. त्यात कैदी कोसळतो, रक्त उसळते. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो फोटोच. चित्रफीत पुढे सरकते आणि पाहणाऱ्यालाही पुढे नेते. फोटोतला कैदी कधीच खाली पडत नाही, आणि त्याच्याकडे किती वेळ बघायचे हे बघणाऱ्यानेच ठरवायचे असते.

या एका फोटोने अमेरिकेतले जनमत फिरवले असे सर्रास सांगितले जाते. ती अतिशयोक्ती आहे; वारे आधीच बदलू लागले होते. वाचकाला धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. गोळी झाडणारा माणूस अमेरिकेच्या बाजूचा होता.

अ‍ॅडम्सला १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, पण हा फोटो त्याच्या मनाला कायम डाचत राहिला. मारला गेलेला माणूस व्हिएतकाँगचा होता आणि एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाच्या हत्येचा ठपका त्याच्यावर होता. फोटोत यातले काहीच येत नाही. अर्थात, त्यामुळे बांधलेल्या कैद्याला भर रस्त्यात मारणे योग्य ठरत नाही. पण जगाने लोआन यांना त्या क्षणापलीकडे ओळखलेच नाही. फोटो निघाला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, लढाईत त्यांचा एक पाय गेला. सायगाव पडल्यावर ते अमेरिकेत गेले आणि व्हर्जिनियात पिझ्झाचे दुकान चालवू लागले. तिथेही ओळख पटली आणि गिऱ्हाईक तुटले. अ‍ॅडम्सने त्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. त्या फोटोत दोन माणसे मेली, असे तो म्हणत असे.

ढाक्यात १८ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानी शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, वेगळाच पेच उभा राहिला. एका सभेनंतर बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या मुक्तिवाहिनीच्या लोकांनी पाकिस्तानी सैन्याला साथ दिल्याचा आरोप असलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारले. हे सारे कॅमेऱ्यांसाठीच चालले आहे असे वाटून काही छायाचित्रकार तिथून निघून गेले. असोसिएटेड प्रेसचे हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरां थांबले. त्या फोटोंना १९७२ चे पुलित्झर मिळाले. निघून गेलेल्यांनी हत्येला प्रेक्षक होण्याचे नाकारले. थांबलेल्यांमुळे पुरावा उरला. दोन्ही निर्णयांना किंमत होती. लॉरां १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगावजवळ वार्तांकन करताना मारला गेला.

पाहणाऱ्याच्या अस्वस्थतेचा रोख बहुधा छायाचित्रकाराकडेच वळतो: ‘कॅमेरा खाली ठेवून मदत का केली नाही?’ छायाचित्रकार केव्हिन कार्टरला हा प्रश्न सर्वांत जास्त छळणारा ठरला. मार्च १९९३ मध्ये यादवीने आणि दुष्काळाने पोळलेल्या सुदानमध्ये त्याने जमिनीवर कोसळलेले मूल आणि त्याच्या मागे बसलेले गिधाड टिपले. त्याने गिधाड हाकलले, पण मुलाला उचलून नेले नाही. वाचकांनी मुलाचे पुढे काय झाले अशी इतकी विचारणा केली की न्यू यॉर्क टाइम्सला खुलासा छापावा लागला. एप्रिल १९९४ मध्ये या फोटोला पुलित्झर जाहीर झाले. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या थोकोझा वस्तीत गोळीबारात त्याचा जिवलग सहकारी केन ऊस्टरब्रूक मारला गेला. जुलैमध्ये कार्टरने आत्महत्या केली. ‘एका फोटोने त्याचा जीव घेतला’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत पैशाची ओढाताण, केनचा मृत्यू आणि वर्षानुवर्षे पाहिलेली प्रेते, सगळेच होते.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४० युद्धवार्ताहर आणि छायाचित्रकार होते. त्यांच्यापैकी २८.६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार झाला होता. हे प्रमाण लढून आलेल्या सैनिकांच्या जवळपास जाते. बातमीदाराला घटना दुसऱ्याकडून ऐकूनही लिहिता येते. छायाचित्रकाराला घटनेच्या जागीच असावे लागते. डोळ्याला कॅमेरा असेपर्यंत प्रकाश, अंतर, फोकस यांत मन गुंतते. ती भिंत नंतर, चित्रे निवडताना कोसळते. हल्ली हा धोका कार्यालयात बसलेल्यांपर्यंतही पोहोचला आहे. फाइनस्टाइन यांच्याच २०१४ च्या अभ्यासात, लोकांनी पाठवलेली हिंसेची दृश्ये चाळणाऱ्या पत्रकारांमध्येही अशी लक्षणे आढळली. एका बैठकीत किती तास पाहिले, यापेक्षा किती वारंवार पाहावे लागले, याचा परिणाम अधिक होता.

उलट, सामान्य वाचक बधिर होतो का? लेखिका सुसान सोन्टाग यांनी १९७७ मध्ये जवळपास तसेच म्हटले होते आणि २००३ च्या पुस्तकात स्वतःच त्यावर शंका घेतली. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांचे संशोधन जास्त नेमके आहे: हजारोंच्या आकड्यापेक्षा एकच चेहरा मनाला भिडतो, पण तो कळवळा टिकत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाचा फोटो छापल्यावर स्वीडनमध्ये निर्वासितांसाठीच्या देणग्या एकदम उसळल्या, आणि काही आठवड्यांतच ओसरू लागल्या.

अ‍ॅडम्सला स्वतःची ओळख वेगळ्याच फोटोंनी व्हावी असे वाटे. १९७७ मध्ये ४८ व्हिएतनामी निर्वासित ३० फुटी होडीतून थायलंडपर्यंत पोहोचले आणि त्यांना पुन्हा भर समुद्रात ओढून सोडण्यात आले. अ‍ॅडम्स त्या होडीवर चढला होता. ते फोटो अमेरिकन काँग्रेसपुढे गेले आणि सुमारे दोन लाख व्हिएतनामींना देशात घेण्याच्या निर्णयाला त्यांनी बळ दिले. त्यांत कोणी कोणाला मारताना दिसत नाही; दाटीवाटीने बसलेली माणसे आहेत आणि एकाही मुलाच्या चेहऱ्यावर हसू नाही.