अंड्यातलं लोणार

काही वर्षांपूर्वी भाचीला लोणार दाखवायला नेलं होतं. दैत्यसूदनाचं मंदिर पाहून झालं, गोमुखाच्या धारेखाली हातपाय धुऊन झाले आणि आम्ही झाडीतून तळ्याकडे उतरू लागलो. मे महिना. पाणी मागे हटून काठाला पांढुरकी खपली धरलेली. चिखलाजवळ पोचताच पोरीने नाक दाबलं. "मामा, इथं कोनी अंडे उकडून राह्यलं का?"

नाक तिचं तिखट निघालं. त्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू गंधकाच्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अंडं चुलीवर विसरलं की त्याच्या पांढऱ्यातून जो वास सुटतो, तो ह्याच वायूचा. मी हे सांगितलं, ती हसली, विषय मिटला. माझ्यापुरता मात्र मिटला नाही. तेव्हापासून घरी अंडी सोलायला बसलो की लोणार आठवतं, आणि वास हा त्या दोघांच्या नात्याचा नुसता उंबरठा आहे असं वाटत राहतं.

शहरात हल्ली ज्याला ब्रंच म्हणतात, ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यात न्याहारी. पहाटे चहा पिऊन वावरात गेलेला माणूस दहा-अकराला बांधावर भाकर सोडतो, ते खाणं. तिच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे उकडलेली अंडी, तव्यावर तिखटमिठात परतलेली. कृती चार ओळींची. अवघड आहे ते टरफल.

शेजारच्या घरून सकाळीच आलेलं गावरान अंडं उकडून पाहा. सोलताना टरफलासोबत पांढऱ्याचे लचके निघतात, अंडं चंद्रासारखं खड्ड्याखड्ड्यांचं होतं. तेच बाजारातून आणून आठ-दहा दिवस पडून राहिलेलं अंडं कपडा काढल्यासारखं सुटतं. ताजं ते चांगलं, हा स्वयंपाकघराचा नियम इथे उलटा का होतो?

एक ताजं अंडं बशीत फोडलं की सुगावा लागतो. पांढरं नितळ नसतं, ताक शिंपडल्यासारखं किंचित गढूळ असतं. तो गढूळपणा कार्बन डायऑक्साइडचा. कोंबडीने अंडं घातलं तेव्हा हा वायू पांढऱ्यात विरघळलेलाच असतो. टरफल आपल्याला सलग दिसतं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात, आणि त्यांतून तो दिवसेंदिवस बाहेर पडत राहतो. सोड्याच्या बाटलीतला वायू गेला की तिचा आंबूसपणा जातो, तसंच इथे. शेतकऱ्याला माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू ठाऊक असतो: ७ म्हणजे ना आंबट ना खारं, वर जाल तसा खार वाढतो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू ७.६ च्या आसपास असतो. काही दिवसांत तो ९.२ च्या पुढे जातो. सामूचा एक अंक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतलं तर अंडं न फुटता, न हलता, कोपऱ्यातल्या टोपलीत बसून केवढी मजल मारतं!

आणि लोणारच्या तळ्याचा सामू? साधारण साडेनऊ ते साडेदहा.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातल्या अंड्याकडे जरा आदराने पाहिलं. दोन्हीकडे कारभार कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचाच. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर म्हणजे बंद वाडगा. झरे आत येतात, बाहेर जायला नदी नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं, आणि दगडातून झिजून आलेला सोडियमचा खार मागे साठत राहतो. तळ्यातून पाणी उडतं, अंड्यातून वायू उडतो. मागे राहतं ते खारं. तळ्याला त्यासाठी हजारो वर्षं लागली, अंडं आठवड्यात उरकतं. अंड्याला ह्याचा फायदाही होतो. इतक्या खाऱ्या पांढऱ्यात फारसे जंतू तग धरत नाहीत, पिल्लाला तेवढंच संरक्षण. लोणारच्या पाण्यातही खार मानवणारेच सूक्ष्मजीव नांदतात.

त्यांतल्याच काहींनी जून २०२० मध्ये तळं गुलाबी करून टाकलं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचा उगम हॅलोआर्किया नावाच्या मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत सापडला. त्यांची रंगद्रव्यं कॅरोटिनॉइड कुळातली. बलकाचा पिवळेपणाही ह्याच कुळातला, फक्त तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून येतो. म्हणून उकिरडा उकरून, पाला टिपून वाढलेल्या कोंबडीचा बलक कधी कधी थेट केशरी निघतो.

तर टरफल. पांढरं कमी खारं असतं तोवर उकडताना ते आतल्या पातळ पडद्याला घट्ट चिकटून आळतं. खार वाढला की ती पकड ढिली होते. म्हणून उकडायला जुनी अंडी, फोडून रश्श्यात सोडायला ताजी. वय ओळखायचं तर अंडं पाण्याच्या भांड्यात सोडावं. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं बूड वर करून उभं राहतं, कारण बुडाकडची हवेची पोकळी वाढलेली असते. जे तरंगतं त्याचा मोह सोडावा. ताजीच अंडी हाताशी असली तर ती थेट उकळत्या पाण्यात सोडावीत. एकदम चटका बसला की पांढरं पडद्याला धरायच्या आत आळतं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकणारेही आहेत. तर्क बरोबर आहे, पण माझा भरवसा उकळत्या पाण्यावर जास्त.

खार आणखी वाढवला तर काय होतं, ते चिनी लोकांनी करून पाहिलंय. चुना, राख, सोडा, मीठ ह्यांच्या लेपात ते अंडी आठवडेच्या आठवडे ठेवतात. चूल पेटत नाही, तरी पांढरं आळून काळपट, पारदर्शक जेलीसारखं होतं आणि बलक हिरवट. खार तिथे आगीचं काम करतो. आपल्याकडे लोणारचा खार पूर्वी भरपूर निघायचा. उन्हाळ्यात काठाला धरलेले थर लोक गोळा करत, दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याची प्रतवारी होती. काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ऐन-ए-अकबरीतही आहे. अंडी मात्र कोणी त्यात पुरून पाहिल्याचं ऐकिवात नाही. आता पाहूही नये, तळं अभयारण्यात आहे.

आता न्याहारी. बुलढाणा शहर ६४० मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आगेमागेच उकळतं. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला अंशभर जास्त. पांढरं साठीच्या पुढे आळू लागतं, बलक सत्तरच्या सुमाराला घट्ट होतो, म्हणजे काम दोन्हीकडे होतंच. घाटावर अर्धं मिनिट जास्त द्यावं एवढंच. अकरा मिनिटं पुरे. मग लगेच माठातल्या गार पाण्यात. इथे आळस केला तर पांढऱ्यातलं गंधक बलकातल्या लोहाला गाठतं आणि बलकाभोवती हिरवं-करडं कडं उमटतं. जुन्या अंड्याला ते लवकर धरतं, सोलायच्या सोयीची तेवढी किंमत. खायला वाईट नाही, पण नाकाजवळ नेलं की लोणारचा काठ.

अंडी उभी चिरून दोन भाग करायचे. लोखंडी तव्यावर चार चमचे तेल, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, हळद, मीठ, आणि घरचं लाल तिखट हात न आखडता. तिखट करपायच्या आत अंडी कापल्या बाजूने पालथी घालायची आणि हलवायचा मोह आवरायचा. मिनिटभरात पांढऱ्याच्या कडेला तांबूस जाळी धरते. पांढऱ्यात थोडी साखरही असते, आणि खारं अन्न तव्यावर लवकर तांबूस होतं. म्हणजे त्या आठ दिवसांच्या बैठकीचं फळ इथेही मिळतं. वरून भरपूर सांबार चिरून टाकायचा. पुण्याकडच्या वाचकांनी डाळ शिजत घालू नये, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सोबत ज्वारीची भाकर, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि तव्यावर उरलेलं लाल तेल पुसून घ्यायला भाकरीचा शेवटचा पापुद्रा.