आफ्रिकी कादंबरीकार वसाहतपूर्व गावाकडे का वळतात?

जॉइस कॅरी यांच्या ‘मिस्टर जॉन्सन’ (१९३९) या कादंबरीतील नायजेरियन माणसाचे उथळ चित्र खटकल्यामुळे चिनुआ अचेबे यांनी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) लिहिली आणि युरोपीय येण्यापूर्वीही इग्बो समाजाला स्वतःचा धर्म व न्यायव्यवस्था होती, हे दाखवून दिले. या कादंबरीतल्या नऊ गावांच्या काल्पनिक उमुओफियात राजा नाही. निर्णय सभेत होतात आणि तंटे ‘एग्वुग्वु’, म्हणजे पूर्वजांचे मुखवटे धारण केलेले ज्येष्ठ, सोडवतात. मात्र जुळ्या अर्भकांना रानात टाकण्याची प्रथाही अचेबे लपवत नाहीत, कारण गौरवगान नव्हे, तर नाकारले गेलेले माणूसपण पूर्णत्वाने मांडणे हा त्यांचा हेतू आहे. अखेरीस नायक ओकोंक्वोच्या आयुष्याला आपल्या नियोजित पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद देऊ पाहणारा इंग्रज जिल्हाधिकारी दिसतो, तेव्हा इतिहास कोणी सांगायचा, हा या लेखनामागचा मूळ प्रश्न लख्खपणे समोर येतो.