स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया प्रकार २ : लक्षणे, वाटचाल आणि कुटुंबापुढील प्रश्न

सारांश : स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया प्रकार २ (यापुढे एससीए-२) हा मज्जासंस्थेचा क्रमाक्रमाने ऱ्हास करणारा दुर्मीळ आनुवंशिक रोग आहे. त्याचे वैशिष्ट्यपूर्ण वर्णन १९७१ मध्ये मुंबईतील वैद्यकांनी केले. रोग पूर्णपणे बरा करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. तथापि अचूक निदान, नियमित व्यायाम, गिळण्याच्या त्रासाकडे वेळीच लक्ष आणि आनुवंशिक समुपदेशन यांमुळे रुग्णाचे व कुटुंबाचे जीवन सुसह्य होऊ शकते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : अ‍ॅटॅक्सिया, लहान मेंदू, आनुवंशिकता, नेत्रगती, समुपदेशन

प्रस्तावना

चालणे, बोलणे, घास तोंडापर्यंत नेणे या क्रिया निरोगी माणूस सहज करतो. त्यांतील सुसूत्रता राखण्याचे कार्य मुख्यतः लहान मेंदू करतो. ही सुसूत्रता नष्ट झाली म्हणजे अ‍ॅटॅक्सिया, अर्थात हालचालींतील असंतुलन निर्माण होते. असंतुलन निर्माण करणाऱ्या आनुवंशिक रोगांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एससीए-२ हा भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय कुटुंबांवरील २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या गटातील रोगांमध्ये त्याचे प्रमाण मोठे आढळले. जगात क्यूबा देशातील ओल्गिन प्रांतात या रोगाचे रुग्ण सर्वाधिक एकवटलेले आहेत.

मुंबईतील निरीक्षण

या रोगाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे योगदान मूलभूत स्वरूपाचे आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व सर जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतील रुग्णांत असंतुलनाबरोबरच डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहताना डोळे निमिषार्धात झेप घेतात. या रुग्णांचे डोळे मात्र सावकाश सरकत जात आणि इष्ट वस्तूकडे पाहण्यासाठी अनेकांना मान वळवावी लागे. हा आनुवंशिक असंतुलनाचा स्वतंत्र प्रकार असावा, असे प्रतिपादन त्यांनी केले.

या रोगाचे जनुक १९९६ मध्ये तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे शोधले. पुढे १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांतील एससीए-२ चे चिकित्सात्मक व जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले आणि निदानातील मंद नेत्रगतीचे महत्त्व अधोरेखित केले. डॉ. वाडिया यांना २०१२ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

रोगाचे कारण

एससीए-२ चे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असून त्याचे नाव ‘एटीएक्सएन-२’ असे आहे. या जनुकात ‘सीएजी’ या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. बहुसंख्य निरोगी व्यक्तींत ती २२ वेळा आढळते. ती ३३ किंवा त्याहून अधिक झाल्यास रोग उद्भवतो. सदोष जनुकामुळे विकृत प्रथिन तयार होते आणि लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ यांतील चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. मस्तिष्कस्तंभातील नेत्रगती नियंत्रित करणाऱ्या पेशींची हानी झाल्याने डोळे मंदावतात.

आईवडिलांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, सदोष जनुक येण्याची शक्यता निम्मी असते. पुढील पिढीत पुनरावृत्तींची संख्या वाढू शकते. विशेषतः जनुक पित्याकडून आल्यास ही वाढ अधिक दिसते. संख्या जितकी अधिक, तितका रोग लवकर सुरू होतो. त्यामुळे आजोबांना उतारवयात आलेला तोल जाण्याचा त्रास ‘म्हातारपण’ म्हणून दुर्लक्षिला जातो, तर नातवास तोच रोग विशीत गाठतो. ‘घराण्यात असे कोणाला नव्हते’ हे उत्तर म्हणूनच अंतिम मानता येत नाही.

लक्षणे

रोगाची सुरुवात बहुधा तिशी-चाळिशीच्या सुमारास होते. प्रारंभी चालताना, विशेषतः वळताना, जिना उतरताना किंवा अंधारात तोल जातो. काही रुग्णांना त्यापूर्वीच पायांत वारंवार गोळे येतात. पुढे उच्चार जड व तुटक होतात, अक्षर बिघडते, शर्टाची बटणे लावणे कठीण होते. नेत्रगती मंदावल्याने वाचन करणे व रस्ता ओलांडणे त्रासदायक ठरते. हातापायांतील प्रतिक्षिप्त क्रिया क्षीण होतात. काहींत कंपवातासारखा ताठरपणा येतो. झोपेच्या तक्रारी, नैराश्य, तसेच नियोजन व एकाग्रतेतील उणीव ही लक्षणेही आढळतात.

या रुग्णाची डुलणारी चाल व अडखळणारी वाणी पाहून तो मद्यपी असल्याचा गैरसमज सहज होऊ शकतो. अशा गैरसमजाने रुग्णाचा अपमान तर होतोच, शिवाय निदानही लांबते.

निदान

अनुभवी चिकित्सकास केवळ दोन बोटांकडे आळीपाळीने पाहण्यास सांगून मंद नेत्रगती ओळखता येते. एमआरआय तपासणीत लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ आकसलेले दिसतात. निश्चित निदान मात्र रक्ताच्या जनुकीय तपासणीनेच होते. तत्पूर्वी बी-१२ वा ई जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडचे विकार, मद्य व काही औषधांचे दुष्परिणाम ही कारणे वगळणे अत्यावश्यक आहे, कारण त्यांवर उपचार होऊ शकतात. तपासणीचा हा क्रम चुकल्यास बरा होण्याजोगा रुग्ण असाध्य ठरण्याचा धोका संभवतो.

रोगाची वाटचाल व उपचार

रोग सातत्याने पण सावकाश वाढतो. रुग्णास प्रथम काठीचा, नंतर माणसाचा आणि पुढे चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. लक्षणे सुरू झाल्यापासून आयुर्मान साधारणतः १० ते १५ वर्षे, काहींत त्याहून अधिक असते. विशीपूर्वी सुरू होणारा रोग अधिक वेगवान असतो. अंतिम टप्प्यात गिळणे कठीण होऊन अन्न वा पाणी श्वासमार्गात जाते. त्यातून होणारा न्यूमोनिया बहुधा प्राणघातक ठरतो.

रिलुझोल या औषधाने आनुवंशिक असंतुलनाच्या संमिश्र रुग्णगटास लाभ झाल्याचे २०१५ मध्ये दिसले होते. परंतु केवळ एससीए-२ च्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते उपयुक्त ठरले नाही. सदोष जनुकाची अभिव्यक्ती कमी करणाऱ्या उपचाराने उंदरांत सुधारणा झाल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. मात्र त्याआधारे रुग्णांना आश्वासन देणे उचित नाही.

आज सर्वाधिक भरवशाचा उपाय म्हणजे नियमित व्यायाम. क्यूबातील अभ्यासात २४ आठवड्यांच्या सघन प्रशिक्षणाने रुग्णांच्या हालचालींत सुधारणा दिसली. याशिवाय घरात पकडदांड्यांची सोय, न घसरणारी जमीन, ताठ बसून व लहान घास घेऊन जेवणे, पातळ पदार्थ दाट करून देणे, वाचोपचार तसेच गोळे, ताठरपणा व नैराश्यावरील औषधे यांचा उपयोग होतो. हे उपाय साधे असले तरी त्यांमुळे पडणे व न्यूमोनिया टाळण्यास साहाय्य होते.

कुटुंबापुढील प्रश्न आणि नागपूर

निदान एका व्यक्तीचे झाले तरी प्रश्न साऱ्या भावंडांचा होतो. निरोगी सज्ञान व्यक्तीने तपासणी करावी की नाही, हा सर्वस्वी तिचा निर्णय आहे. तिला जाणून घेण्याचा जसा हक्क आहे, तसा न जाणण्याचाही आहे. लक्षणे नसलेल्या अज्ञान मुलांची तपासणी करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. विवाह जुळवताना रोग लपविणे आणि पुढे अपत्याच्या आजाराचा दोष सुनेवर ढकलणे, ही दोन्ही वर्तने अज्ञानातून उद्भवतात. तपासणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन म्हणूनच औषधाइतके मोलाचे आहे.

नागपूर हे विदर्भाबरोबरच लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णांचेही उपचारकेंद्र आहे. येथे १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ मध्ये सुरू झालेली एम्स ही संस्था आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणानुसार मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. परंतु तोल गेलेल्या रुग्णास सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास वारंवार शक्य नसतो. नेत्रपरीक्षा, व्यायाम, गिळण्याचे प्रशिक्षण व दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शन या गोष्टी जिल्हा पातळीवर होणे आवश्यक आहे. रक्ताचा नमुना दूर पाठविता येतो. समुपदेशन मात्र रुग्णाच्या भाषेत व त्याच्या जवळच व्हावयास हवे.

समारोप

एससीए-२ वर विजय मिळविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. तरीही ‘काही करता येत नाही’ हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. रोगाला योग्य नाव मिळाले की अनावश्यक तपासण्या थांबतात, रुग्णावरील संशय दूर होतो, धोके आधी ओळखता येतात आणि पुढील पिढीस विचारपूर्वक निर्णय घेता येतो. १९७१ मध्ये रुग्णाच्या डोळ्यांकडे बारकाईने पाहण्यातून या रोगाचे वेगळेपण लक्षात आले. तेच बारकाईचे निरीक्षण आजही निदानाची पहिली पायरी आहे, आणि त्यास महागड्या साधनांची गरज नाही.