काळे पडलेले ऑइल फेकण्यापूर्वी

प्लास्टिक मोल्डिंगचे मशीन असो की हायड्रॉलिक प्रेस, ऑइल काळे पडले की काढून नवीन भरायचे, अशी आपल्या कारखान्यांतील सर्वसाधारण रीत आहे. वास्तविक पुष्कळदा ऑइल खराब झालेले नसते, ते फक्त मळलेले असते. हा मळ विजेच्या साहाय्याने काढता येतो. ही पद्धत काय आहे व लहान कारखानदाराला ती परवडेल का, ते पाहू.

तत्त्व जुने आहे. जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलात पाण्याचे बारीक थेंब मिसळलेले असतात. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल व त्यांचे सहकारी बकनर स्पीड यांनी हे पाणी विजेने वेगळे करण्याचे पेटंट १९११ साली घेतले. मोठ्या व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून तेल नेले की थेंब एकमेकांकडे ओढले जातात, मिळून मोठे होतात आणि तळाशी बसतात. रिफायनऱ्यांत आजही हे तत्त्व वापरतात.

मशीनच्या ऑइलमध्ये मळ घन कणांचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. साधा फिल्टर १० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. त्याहून बारीक कण व चिकट थर मात्र निसटतात, व्हॉल्व्हमध्ये साचतात आणि मशीन अडकू लागते. विजेच्या यंत्रात दोन पट्ट्यांमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. भारित कण विरुद्ध पट्टीकडे ओढले जातात. मध्ये घड्यांचा कागद असतो. घड्यांच्या टोकांशी विजेचा जोर अधिक असल्याने भार नसलेले कणही तेथे जाऊन चिकटतात. तेलातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून खर्च होणारी वीज थोडी असते.

याच कारणाने पाणी या यंत्राचा शत्रू आहे. ऑइलमध्ये पाणी असेल तर वीज त्यातून वाहते व दाब टिकत नाही. तेव्हा पाणी आधी काढावे. तापलेल्या तव्यावर ऑइलचा एकच थेंब दूर उभे राहून टाकावा. तडतडला तर पाणी नक्की आहे. तडतडला नाही तरी खात्रीसाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी.

जे ऑइल आंबट झाले आहे किंवा ज्यातील रासायनिक मिश्रणे संपली आहेत, ते या यंत्राने पुन्हा नवे होत नाही. रंगकामाच्या सांडपाण्यालाही हे यंत्र चालत नाही. तेथे लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विरघळवून गाळ धरण्याची वेगळी पद्धत आहे.

आता हिशेब. एकच लहान मशीन असणाऱ्याने हे यंत्र विकत घेण्यात फायदा नाही. परंतु एकाच वसाहतीतील पाच-सहा कारखानदारांनी चाकांवरचे एक यंत्र भागीदारीत घेतले किंवा कोणी ते भाड्याने फिरवले, तर विचार करण्यासारखा धंदा आहे. मात्र वेगवेगळ्या जातीचे ऑइल एकमेकांत मिसळू देऊ नये.

विक्रेत्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. यंत्र आपल्याच टाकीवर चालवून दाखवायला सांगा, आधीचा व नंतरचा नमुना स्वतः काढा आणि कण, पाणी व आम्लता तपासून घ्या. तरीही ऑइल निकामी ठरले, तर ते गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत परवानाधारकालाच द्यावे व पावती जपून ठेवावी.