शब्दाची पत आणि बँकेचे खाते

अँटवर्पच्या हिरेबाजारात सौदा ‘मझल’ या एका शब्दावर पक्का होतो. हा हिब्रू शब्द पालनपूरहून तेथे गेलेल्या जैन व्यापाऱ्यांच्याही तोंडी रुळला आहे. बँकेत मात्र कागदच बोलतो.

परदेशी माणसाच्या घरखर्चाच्या खात्याची तितकी चिंता नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार, कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणासही साधे खाते मिळण्याचा हक्क आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने निर्णय द्यावयाचा असतो.

खरी अडचण पेढीच्या खात्याची. तो निर्देश व्यक्तींपुरता आहे. त्यातून हिरा म्हणजे मुठीत मावणारी संपत्ती. पैशाचा उगम तपासण्याची जबाबदारी कायद्याने बँकांवर टाकली, तेव्हा तपासापेक्षा नकार कित्येकांना सोपा वाटला. सचोटीने व्यापार करणाराही त्यात भरडला गेला. या व्यापाराची नस ओळखणारी अँटवर्प डायमंड बँक गुंडाळण्याचा निर्णय २०१४ मध्येच झाला. रोखीने भागवावे, तर बेल्जियममध्ये व्यापारी व्यवहारात ३,००० युरोंच्या वर रोकड चालत नाही. खात्यावाचून पेढी म्हणजे जोत्यावाचून घर!

अखेर बेल्जियमने २०२० मध्ये कायदा करून पेढ्यांनाही मूलभूत बँकसेवेचा हक्क दिला. त्यातील अट मोठी विलक्षण आहे: आधी तीन बँकांनी नाकारलेले असावे. त्यामुळे वहीखात्यांच्या शेजारी व्यापाऱ्याला आता नकाराची पत्रेही जपून ठेवावी लागतात.